गळ्यातली माळ, तळ्यातला मासा

आमच्या घरात मासा शिजत नाही, आणि मासा विकल्याशिवाय आमची चूल पेटत नाही. बाबा हे वाक्य पाहुण्यांना हसत हसत सांगायचे. मी सांगतो तेव्हा मला हसू येत नाही.

जातीने आम्ही ढिवर. भंडारा जिल्ह्यातला साकोली तालुका म्हणजे मामा तलावांचा मुलूख. बाहेरगावचा माणूस हटकून विचारतो, कोणाच्या मामाचा तलाव? मामा म्हणजे माजी मालगुजारी. मालगुजारी गेली, तलाव राहिले, आणि तलावांच्या काठी आम्ही राहिलो. आमच्या सोसायटीकडे एक तलाव ठेक्याने आहे. घरामागे माझी स्वतःची दोन लहान तळी आहेत. पावसाळ्यात मत्स्यजिरे, म्हणजे जिऱ्याएवढी माशांची पिल्ले, आणून त्यांत सोडतो, त्यांची बोटाएवढी बोटुकली करतो, काही विकतो, काही तिथेच वाढवतो. कटला, रोहू, मृगळ. सकाळी तळे आणि दहा ते पाच शाळा. शाळेत मी विज्ञान शिकवतो.

बाबांनी तुळशीची माळ घातली तेव्हा मी सातवीत होतो. त्या संध्याकाळी आईने माशाच्या कालवणाचे मडके उकिरड्यावर नेऊन फोडले आणि पाटा-वरवंटा राखेने तीनदा घासला. जाळे मात्र खुंटीवर होते तसेच राहिले. पुढे 2009 साली बाबा गेले. त्यानंतरच्या आषाढीला पंढरपुरात मी माळ घेतली. जाळे अजूनही त्याच खुंटीला आहे.

गेल्या वर्षी कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी आठवीतला एक पोरगा तळ्यावर आला होता. मी घमेल्यात माशांचे खाद्य कालवत होतो. रात्रभर भिजवलेली शेंगदाण्याची पेंड पाच किलो, भाताचा कोंडा पाच किलो आणि वरून शंभर ग्रॅम पिवळट तपकिरी भुकटी. पोराने भुकटी हुंगली, नाक मुरडले आणि विचारले, “हे काय होय जी सर?”

“यीस्ट. मासे आजारी पडू नयेत म्हणून.”

तो थोडा वेळ घमेल्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “सर, तुमी त मासे खात नाई. मंग त्याइले दवाई कायले चारता? वाचवाले का विकाले?”

मी त्याला पेला धुऊन आणायला पाठवले. मास्तरांना उत्तर सुचत नाही तेव्हा ते पोरांना काम सांगतात. हा लेख त्या पोराचे उत्तर आहे. वर्ष गेले, पण उधारी राहू नये.

रोग काय आहे ते आधी सांगतो, कारण धर्माची चर्चा रोगाच्या चर्चेपेक्षा सोपी असते आणि सोप्याकडे माणूस आधी पळतो.

थंडी सुरू झाली, पाणी गार झाले की माशाच्या अंगावर पांढरा कापूस दिसू लागतो. जाळ्याने खवले निघाले असतील, पंख फाटला असेल, तिथे तो आधी धरतो. पाण्यात असताना तो फुललेला, हलणारा दिसतो. मासा बाहेर काढला की तोच कापूस लोळागोळा होऊन ओल्या राखेसारखा चिकटतो. याचे नाव सॅप्रोलेग्निया, मराठीत पाणबुरशी. त्याचाच एक भाऊबंद अफॅनोमायसिस. तो कापूस दाखवत नाही, थेट मांसात शिरतो. आधी पैशाएवढा लाल डाग, मग खवले उचललेले, मग खड्डा. मरळ माशाला हा रोग होतो तेव्हा अंगाला बोट घालता येईल एवढी जखम घेऊन मासा जिवंत पोहत असतो. हा दुसरा रोग 1971 मध्ये जपानात पहिल्यांदा नोंदला गेला, 1988 मध्ये ईशान्येकडून भारतात शिरला आणि पुढच्या काही वर्षांत देशभरच्या तळ्यांत पसरला. पुस्तकांत त्याला व्रणांचा साथरोग म्हणतात. आमच्याकडे म्हातारे नुसते ‘देवी आल्या’ म्हणायचे.

थंडीतच का? मासा थंड रक्ताचा. पाणी गार झाले की त्याचे रक्त मंदावते आणि अंगातली पहारेकरी पेशीही मंदावते. पाणबुरशीला मात्र गारवा मानवतो. म्हणजे एकाच रात्री एकाचा पहारा झोपतो आणि दुसऱ्याची चोरी सुरू होते.

आता माझी गोष्ट. 1996 चा हिवाळा. मी नागपुरात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो. घरून निरोप आला की तळ्यात कापूस लागला. मी शिकलेला, मीच उपाय आणायचा. एका दुकानातून मी कागदाच्या पुडीत खडे आणले. दिसायला हिरवे, वर सोनेरी झाक, भुंग्याच्या पाठीसारखी. मॅलाकाइट ग्रीन. रेशीम, लोकर, कातडे रंगवायचा हा रंग, पण पाणबुरशीवर रामबाण म्हणून मत्स्यबीज केंद्रांत त्याचा वापर जगभर चालत असे. चिमूटभर खडे टाकीत टाकले आणि पाणी मोरपिसाच्या रंगाचे झाले. मासे जाळ्याने काढून त्या पाण्यात ठेवायचे आणि परत सोडायचे. तीन दिवस आम्ही बापलेक हेच करत होतो. चौथ्या दिवशी कापूस गळून पडला.

माझे हात आठवडाभर हिरवे होते. देवळात काकड्याला टाळ वाजवताना लोक हाताकडे बघायचे आणि बाबा अभिमानाने सांगायचे, पोराने नागपूरहून दवाई आणली. पंधरा दिवसांनी तेच मासे आम्ही आठवडी बाजारात विकले. भाव चांगला मिळाला.

पुढे शिकवायला लागल्यावर वाचन वाढले तेव्हा कळले की हा रंग माशाच्या अंगात गेला की बिनरंगी होतो. दिसत नाही, पण जात नाही. चरबीत, मांसात महिनोन्‌महिने राहतो. कर्करोगाच्या संशयावरून कितीतरी देशांनी खाण्याच्या माशांसाठी तो बंद केला. आपल्याकडेही आज त्याला मनाई आहे. त्या रात्री मला झोप आली नाही, आणि एक गोष्ट टोचत राहिली ती आजही टोचते. त्या हिवाळ्यातला मासा सगळ्या गावाने खाल्ला. फक्त आमच्या घराने खाल्ला नाही. बाबांच्या माळेने आम्हाला वाचवले. आम्हीच कालवलेल्या विषापासून आम्हाला वाचवले.

हे मी पुन्हा एकदा लिहितो, कारण पहिल्यांदा वाचताना ते हातातून निसटते. आमचे ताट शुद्ध होते म्हणूनच आम्हाला दुसऱ्याच्या ताटाची काळजी वाटली नाही. ज्या ताटात स्वतः जेवायचे असते, त्यात माणूस काय वाढतो ते बघतो. आम्हाला बघायची गरजच पडली नव्हती.

यीस्टची ओळख त्यानंतर बऱ्याच वर्षांनी झाली. मत्स्यशेतीच्या एका प्रशिक्षणात तज्ज्ञांनी सांगितले की पाण्यात औषध ओतण्यापेक्षा माशाच्या पोटात बळ घाला. यीस्ट म्हणजे पावाचे, आमच्या झाडीपट्टीत मोहाच्या सडव्याचे तेच किण्व. एक पेशी म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही बारीक गोळी. एका ग्रॅममध्ये त्या अब्जावधी. माशांसाठी येते ती बहुधा बिअरच्या पिंपाच्या तळाशी बसलेल्या गाळापासून केलेली, वाळवलेली, मेलेली भुकटी असते. माझा मेहुणा पहिल्या दिवसापासून चिडवतो, “भाऊजी, माळ घालून बिअरचा गाळ कालवता. इठ्ठलाले चालते का जी?” मी म्हणतो, विठ्ठलाला विचारून सांगतो.

गंमत म्हणजे यीस्ट मेलेली असली तरी काम करते. कारण काम तिचा जीव करत नाही, तिची भिंत करते. यीस्टच्या पेशीभोवती ग्लुकान नावाच्या साखरेच्या साखळ्यांची जाड भिंत असते. माशाच्या आतड्यात ती भिंत पोचली की तिथल्या पहारेकरी पेशींना ती ओळखीची वाटते. बुरशी आली! त्या जाग्या होतात, गिळायला तयार होतात. अंगावरच्या बुळबुळीत थरात जंतूंची भिंत विरघळवणारा लायसोझाइम नावाचा रस वाढतो. आणि मग खरी पाणबुरशी येते तेव्हा पहारा उभा असतो. रोहू, मृगळ, तिलापिया अशा कितीतरी माशांवर यीस्टचे प्रयोग झाले आहेत आणि पहारा वाढल्याचे, मरतूक कमी झाल्याचे त्यांत दिसले आहे.

विज्ञानाच्या मास्तरला इथे आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. यीस्ट ही अस्सल बुरशी आहे, पण पाणबुरशी ही बुरशीच नव्हे. दिसते बुरशीसारखी, वागते बुरशीसारखी, पण तिचे कूळ समुद्रातल्या तपकिरी शेवाळाशी जुळते. म्हणजे यीस्ट आणि तो रोग यांचे गणगोत एक नाही. सारखेपणा आहे तो भिंतीत. दोघांच्या भिंतीत तेच ग्लुकान. माशाच्या पेशी कूळ विचारत नाहीत, भिंत बघतात.

आमच्या कीर्तनात दोरी आणि सापाचा दृष्टांत हमखास येतो. अंधारात दोरी पाहून माणूस सापाच्या भीतीने थरथरतो. दिवा लावला की भ्रम जातो. वेदान्ताचे म्हणणे, भ्रम गेला पाहिजे. माझ्या तळ्यात उलट चालते. मी रोज सकाळी माशापुढे दोरी टाकतो आणि त्याच्या रक्ताला ती साप वाटते. त्या भ्रमानेच तो जगतो, कारण तळ्यात साप खरोखर आहे. दिवा लावून सत्य दाखवले तर मासा मरेल. ज्ञानानेच प्रत्येक जीव तरतो असे मी आता छातीठोकपणे म्हणत नाही.

पण त्यालाही मर्यादा आहे. पहारा सतत जागता ठेवला तर पहारेकरी दमतो. यीस्ट किंवा तिचे ग्लुकान फार दिवस, फार मोठ्या प्रमाणात दिले तर फायदा ओसरतो आणि उलटाही परिणाम होऊ शकतो, असे तज्ज्ञ बजावतात. म्हणून मी कोजागिरीपासून संक्रांतीपर्यंत पंधरा दिवस देतो, पंधरा दिवस थांबतो. एक पक्ष भोजन, एक पक्ष विश्रांती. हे माझे गणित, कोणी शास्त्र म्हणून धरू नये. तळ्याला चुना लागतोच, गर्दी कमी ठेवावी लागतेच, जाळे हळू ओढावे लागतेच. यीस्ट ही त्यांना पर्याय नाही.

आणखी एक मर्यादा आहे, तिने मला सगळ्यात जास्त विचार करायला लावले. आजारी मासा खात नाही. कापूस लागला, डाग पडला की तो काठाला येऊन पाण्याच्या वरच्या थरात तरंगत राहतो, खाद्याच्या पिशवीकडे फिरकतही नाही. म्हणजे हे औषध ज्याला गरज आहे त्याला देताच येत नाही. ज्याला अजून गरज नाही, त्यालाच द्यावे लागते. निरोगी, चपळ, खा खा करणाऱ्या माशाला. हिरव्या खड्यांचे तसे नव्हते. तिथे आधी रोग, मग आमची दया. रोग दिसला की कोणालाही दया येते. रोग नसताना, कोणी बघत नसताना, रोज सकाळी शंभर ग्रॅम मोजून कालवणे याला दया म्हणायला जीभ धजत नाही, कारण त्यात कळवळा नसतो, नुसता नेम असतो. पण माशाच्या बाजूने पाहिले तर कळवळ्याने विष दिले आणि नेमाने बळ दिले.

या विषयावर मी दोन जाणत्या माणसांशी बोललो. एक माझे सहशिक्षक, बौद्ध. ते सूत्रांचा अभ्यास करतात. त्यांनी आठवण करून दिली की बुद्धाने उपासकाला पाच धंदे वर्ज्य सांगितले आहेत: शस्त्रांचा, प्राण्यांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. मी मनातल्या मनात बोटे मोजली. मासा जिवंत विकतो, तो प्राणी. मेलेला विकतो, ते मांस. यीस्ट बिअरच्या पिंपातली, ते मद्याचे उष्टे. 1996 साली हिरवे खडे, ते विष. पाचांपैकी चार माझ्या अर्ध्या एकरात. सर हसले आणि म्हणाले, “शस्त्र तेवढं राहिलं तुमचं.” मी म्हटले, खुंटीवर जाळे आहे.

दुसरे आमचे पेंडवाले शेठजी, जैन. त्यांच्याकडून मी वीस वर्षे शेंगदाण्याची पेंड घेतो. पेंड कशासाठी हे त्यांनी कधी विचारले नाही आणि मी कधी सांगितले नाही. दोघांनाही ठाऊक होते. एकदा दुकानात गर्दी नव्हती तेव्हा मीच विषय काढला. ते शांतपणे म्हणाले की हिंसा चार प्रकारची. ठरवून केलेली ती संकल्पी, रांधण्या-झाडण्यात होते ती आरंभी, धंद्यात घडते ती उद्योगी, आणि संकट परतवताना होते ती विरोधी. गृहस्थाला पहिली पूर्ण वर्ज्य, बाकीच्यांत जपून चालायचे. “तुम्ही रोगाशी लढता, ती विरोधी झाली,” ते म्हणाले. “तळं खणता, ती उद्योगी.” मग थांबले. तराजूतली पेंड सारखी केली. “आणि विकता ते...” वाक्य त्यांनी पुरे केले नाही. दोन किलो पेंड जास्तीची घातली आणि पैसे घेतले नाहीत. ती दोन किलो त्यांनी माशांना दिली की माझ्या अवघडलेपणाला, हे मी विचारले नाही.

जैनांच्या मोजणीत यीस्टसारखा सूक्ष्म जीव एका इंद्रियाचा आणि मासा पाच इंद्रियांचा. मी रोज अब्जावधी एकेंद्रियांचे कलेवर पंचेंद्रियांना चारतो, आणि ते पंचेंद्रिय माणसाला. मनात येते, यीस्टला दधीची ऋषींच्या ओळीत बसवावे. त्यांच्या अस्थींचे वज्र झाले, हिच्या भिंतीचे चिलखत होते. उपमा सुंदर आहे, आणि खोटी आहे. दधीचींनी देह दिला होता. यीस्टला कोणी विचारले नाही. माशालाही विचारले नाही. दान आणि वसुली यांत फरक आहे, आणि वसुलीला दानाचे कपडे घालणे हा आमच्यासारख्या कीर्तन ऐकणाऱ्यांचा जुना रोग आहे.

तसाच मोह मनूच्या कथेचा होतो. ओंजळीत आलेला एवढासा मासा मोठ्या माशांपासून अभय मागतो. मनू त्याला आधी घागरीत ठेवतो, मग मोठ्या पाण्यात, शेवटी समुद्रात. मत्स्यजिरे, बोटुकली, तलाव. आमच्या धंद्याच्या पायऱ्या अगदी त्याच! प्रशिक्षणात मी हे सांगितले तर टाळ्या पडल्या. पण शेवटची पायरी मी गिळली होती. मनूचा मासा समुद्रात गेला. माझा तराजूत जातो.

मग मी महाभारतातल्या वनपर्वाकडे गेलो, धर्मव्याधाच्या कथेकडे. कौशिक नावाचा तपस्वी ब्राह्मण. झाडावरच्या बगळीने अंगावर घाण केली म्हणून त्याने रागाने वर पाहिले आणि ती मरून पडली. पुढे एका गृहिणीने त्याला भिक्षेसाठी ताटकळत ठेवले. तो रागावला तेव्हा ती म्हणाली, मी काही बगळी नव्हे. धर्म शिकायचा असेल तर मिथिलेला जा, तिथल्या व्याधाकडे. तो व्याध म्हणजे खाटीक, मांसाच्या दुकानात बसलेला. तो सांगतो की मी स्वतः मारत नाही, दुसऱ्यांनी मारलेल्याचे मांस विकतो, आणि मी मांस खात नाही.

हे वाचले आणि मी उडालोच. विकतो, पण खात नाही. हा तर माझाच वकील! दोन दिवस मी मोठ्या समाधानात होतो. तिसऱ्या दिवशी पुन्हा वाचले. व्याध आपल्या धंद्याला चांगले म्हणत नाही. ते घोर कर्म आहे हे तो सरळ कबूल करतो. नांगराखाली किती जीव मरतात, धान्याच्या दाण्यातही जीव असतो, पूर्ण अहिंसक असा कोणी नाही, हेही तो सांगतो. पण एवढ्यावर तो सुटत नाही. मी खात नाही, म्हणून मी शुद्ध, असे म्हणून तर मुळीच सुटत नाही. धर्माचा पुरावा द्यायची वेळ आली तेव्हा तो कौशिकाला घरात नेतो आणि आपले म्हातारे आईबाप दाखवतो: जेवलेले, न्हालेले, स्वच्छ आसनावर बसलेले. आणि मग कौशिकालाच विचारतो की तू तुझ्या आईबापांना न विचारता तपाला निघून आलास ना? परत जा. त्याने ब्राह्मणाला आपले ताट दाखवले नाही, आपल्या हाती सोपवलेले जीव कसे ठेवलेत ते दाखवले.

इथे माझी गाठ सुटली. निदान कुठे आहे ते दिसले. आपण दोन वेगळ्या गोष्टींना एका नावाने हाक मारतो. एक शुचिता, दुसरी दया. शुचिता माझ्याविषयी असते: माझ्या तोंडात काय जाते, माझ्या हाताला काय लागते. दया दुसऱ्याविषयी असते: त्याचे काय होते. माळ गळ्यात असते आणि गळ्यापाशीच थांबते. काय आत जाऊ द्यायचे एवढेच ती बघते. तिला नावे ठेवायची नाहीत, तिने माझी जीभ सांभाळली. पण तळ्यातल्या एकाही माशाला माझ्या माळेचा आजवर काही उपयोग झालेला नाही. उपयोग झाला तो बिअरच्या पिंपातल्या गाळाचा. आमच्या एकनाथांनी रामेश्वराला न्यायची गंगेची कावड वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात रिती केली ही गोष्ट पोरापोरांना ठाऊक आहे. ती आपण दयेची गोष्ट म्हणून सांगतो. पण त्या कावडीत नुसते पाणी नव्हते, काशीपासून जपत आणलेली शुचिता होती. दोन्ही एकाच वेळी हाती राहत नव्हत्या, तेव्हा नाथांनी एक ओतून टाकली. आणि तुकोबांचा विठ्ठल तर सजन कसायाशेजारी बसून मांस विकू लागतो. सजनाला दुकान बंद करायला सांगितल्याचे तिथे काही नाही.

यावर कोणी म्हणेल, मास्तर, एवढी दया आहे तर मासे विकणे सोडा. म्हणणे बरोबर आहे, आणि माझ्याकडे त्याचे पुरे उत्तर नाही. सोसायटीची सत्तरएक घरे त्या तलावावर जगतात, माझी तळी बंद झाली तर त्यांना बोटुकली लांबून आणावी लागेल, हे खरे असले तरी उत्तर नाही, हिशेब आहे. व्याधाप्रमाणे मीही एवढेच म्हणू शकतो की हे कर्म घोर आहे. पण घोर कर्मातही दोन माणसे असतात. एकाचा मासा मरण्याआधी महिनाभर अंगावर खड्डे घेऊन पोहतो. दुसऱ्याचा मासा मरणाच्या दिवसापर्यंत मासा असतो. त्या दोघांतले अंतर लहान समजणारा माणूस स्वतः कधी आजारी पडला नसावा.

त्या पोराने विचारले होते, वाचवायला की विकायला? बाळा, दोन्हीसाठी. विकायचे असते म्हणून मी यीस्टचे पैसे मोजतो, हे मी लपवत नाही. नफा नसता तर एवढ्या पहाटे उठलो असतो का, हे छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. पण मासा माझ्या पाण्यात असतो ते आठ-दहा महिने त्याचे असतात. ते त्याला दुखण्याशिवाय मिळावेत एवढी बांधिलकी माझ्याकडून त्याला येणे आहे, मग माझ्या मनात नफा असो की नसो. येणे हे दयेपेक्षा लहान दिसते. मला ते मोठे वाटू लागले आहे; दया कधी येते, कधी येत नाही, देणे मात्र रोज द्यावे लागते.

माळकरी बंधूंना एक सांगणे आहे. आपल्यातले कितीतरी जण कुक्कुटपालन करतात, शेळ्या पाळतात, मासे वाढवतात आणि ‘आम्ही शिवत नाही’ म्हणून निश्चिंत असतात. ज्याला आपण शिवत नाही, त्याच्यात आपण काय घालतो याची चौकशी दुप्पट करा, कारण ते चाखून बघायला आपली जीभ कधीच जाणार नाही. आणि मासा खाणाऱ्यांनी बाजारात विकणाऱ्याला ताजा आहे का एवढेच विचारू नये. त्याला काय खाऊ घातले, पाण्यात काय टाकले, हेही विचारावे. माझ्याकडे आलात तर सांगेन: पेंड, कोंडा, चुना आणि शंभर ग्रॅम यीस्ट. 1996 सालचे विचारलेत, तर तेही सांगेन.